संपतरावांनी किती मारले

शंभर. लिव शंभर. — पंचवीस कोन म्हनलं? कोथरूडच्या शाळंची पोरं? व्हय, त्यांना पंचवीसच सांगितलं व्हतं, ती आदी आली व्हती, तवा माजा बी हात बसला नव्हता. मागनं ती दुसरी शाळा आली, निळ्या टोप्यावाली, सातवीची पोरं — त्यांच्यात एक चष्म्यावाला, त्यो म्हनतो, आजी, ओन्ली ट्वेंटी फाइव्ह? असं तोंड केलं त्यानं, जसं काय मी वांगी सडकी दिली. मग काय करनार? म्या म्हनलं, पंचवीस सकाळच्या पारी मारले रं, बाकीचे जेवन झाल्यावर. आन् आता तू म्हनतोस, दोन्ही शाळंची पोरं एकाच सोसायटीत ऱ्हात्यात आन् पंचवीस का शंभर ह्याच्यावरनं लिफ्टमदी मारामारी झाली, शर्टाची बटनं तुटली, आया एकमेकींशी बोलंनात. बघ की. मेल्यावर सुदीक भांडनं लावली. जित्तेपनी कुनाशी एक भांडन केलं न्हाई ह्येंनी. — आं? न्हाई न्हाई, कुटं काय. लढाई सोडून म्हनते मी. लढाई वायली, भांडन वायलं.

बस की, उभा काय ऱ्हायलास. — आरं त्या दगडाला टेकून नगं, बाजूच्या कट्ट्यावर बस; दगडाला पाय लागला की निकिता म्याडम वराडत्यात, हेरिटेज हेरिटेज म्हनून. शेंगा घे. घे रं, तव्यावर भाजल्यात. काय नाव सांगितलंस — सलिल. बरं. तर सलिल, तू म्हंजी त्यो बोर्ड लिवनारा, निकिता म्याडमच्या संस्थेचा. दगडाच्या शेजारी स्टीलचा बोर्ड बसवायचा, वर मराठी, खाली इंग्लिश, वीर कोन, कवाचा, कशानं मेला, आन् फुडल्या शनवारी कुनीतरी यिऊन त्येच्यावरचा पडदा सारायचा, नारळ फोडायचा, पोरांना लाडू. कळलं. समदं कळलं. आन् गावात कुनालाबी इचारलं की म्हनत्यात, सोजरबाईला इचारा, दगडाचं डिपार्टमेंट तिच्याकडं हाय. कोन म्हनलं असं? रविराज? आमचाच पुतन्या त्यो. त्येला दगडाचं काय न्हाई, त्येला दगडाच्या खालच्या जागंचं हाय. पर जागा पडली भैरोबाची, देवाची सही कुटनं आननार, म्हनून गप हाय.

म्याडमचं काम मातुर मन लावून, त्ये मी कुटंबी सांगीन. दर शनवारी एक बस. सहावी-सातवीची पोरं, म्हंजी ना ल्हान ना मोठी, अंगात नुसता वारा. उतरली की आदी बाटल्या — परत्येकाच्या गळ्यात बाटली, एवढी थोरली, आमी एवढ्या पान्यात दोघंजन आंघोळ उरकायचो. मग म्याडम म्हनत्यात, मुलांनो, आता पाच मिनिटं डोळे मिटून निसर्गाचे आवाज ऐकायचे. पोरं डोळं मिटत्यात. मी बी मिटते. काय ऐकू यील — मागल्या अंगाला आनिक एक टावर चाललाय त्येचा मिक्सर, रविराजची गाडी मागं येती त्येचं टुंटुं, आन् बिल्डिंगीतल्या कुकरच्या शिट्ट्या. डोळं उघडल्यावर म्याडम इचारत्यात, काय काय ऐकलंत? समदी म्हनत्यात, बुलबुल. बुलबुल! कुटला बुलबुल, त्यो कवाच पलीकडच्या डोंगराला गेला ऱ्हायाला. एक पोरगी तेवढी खरं बोलली — म्हनली, मॅम, तीन शिट्ट्या झाल्या, मग कुणीतरी गॅस बंद केला. मला त्ये लेकरू लई आवडलं. मग झाडाला मिठी मारायची. ह्या चिंचंला! हिच्यावर मुंगळं हायेत, म्या पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं, तर म्याडम म्हनल्या, आजी, त्यांना अनुभवू द्या. अनुभवलं. दोन पोरं अनुभवत अनुभवत पार बसपातूर पळाली.

आन् मग शेवटाला दगड. वीरगळ म्हनायचं ह्येला, ठावं हाय, मला काय शिकवतोस, आता मी पोरांना शिकवते. खालनं वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई आन् एका कडंला गाई — गावच्या गाई चोर घिऊन चालले व्हते, त्या सोडवाया ह्यो गेला आन् मेला. मधल्या चौकटीत दोन बाया त्येला काखंत धरून वर न्हेत्यात, अप्सरा म्हनं. आन् वरच्यात त्यो शंकराच्या पिंडीम्होरं हात जोडून बसलाय, मेल्यावर निवांत. ह्ये समदं म्याडमनीच सांगितलं मला. मला कुटं ठावं व्हतं? मी निम्मा जल्म ह्या दगडावर धुनं धुतलं. — हसतोस काय, खरंच. तवा दगड हितं नव्हता, वढ्याच्या कडंला आडवा पडला व्हता, नक्षी वर करून, आन् आमी बाया त्येच्यावर कापडं घासायचो. नक्षीमुळं मळ झकास निघायचा. लढाईवर धोतरं, गाईंवर चादरी, अप्सरांवर पोरांची लंगोटं. ह्या समोरच्या टावरच्या वक्ताला मशिननं दगड उकरला तवा मंडळाच्या पोरांनी हितं आनून उभा केला. आता म्याडम पोरांना दाखवत्यात, बघा मुलांनो, वीराचा चेहरा काळाच्या ओघात झिजला आहे. मी गप बसते. काळ कशाला घासतोय? म्या घासला. आमच्या धन्याच्या धोतरानं.

आता काय? — सापडला न्हाई? कशात सापडला न्हाई? ग्याझेटात. बरं. आन्? बखरीत न्हाई, ताम्रपटात न्हाई, लायब्ररीत बसून बसून तुजी पाठ मोडली पर संपतराव नावाचा वीर ह्या भागात कुटंच न्हाई. आरं मग? समदी मानसं काय लायब्ररीत असत्यात? मी कैक वर्सं मार्केट यार्डात वांगी घिऊन गेले, टेंपोत पाट्यांवर बसून, माजं नाव हाय का तुज्या लायब्ररीत? म्हंजी मी गेलेच न्हाई? त्यो समोरचा टावर बघ, त्येच्या जाहिरातीत लिवलंय, नदीकिनारी घर. कुटली नदी? त्यो वढा! नाक धरून बगावा लागतो. त्ये छापून चालतं, रंगीत, आन् माजा संपतराव तेवढा चालत न्हाई. — माजा म्हंजी आमचा. गावचा. तू लई शब्द धरतोस रं. शेंगा खा की, नुसत्या हातात घिऊन बसलास.

मला कुनी सांगितलं म्हंजी? नाव व्हय? नाव... आता त्येचं असं झालं. पयला शनवार व्हता. मी हितंच बसले व्हते, मी रोजच बसते, वर चौथ्या मजल्यावर रविराजच्या घरात बसून काय करू, तितं खालचा मानूस मुंगीएवढा दिसतो आन् सून, म्हंजी रविराजची बायको, म्हनती, आत्या, गॅलरीत थुंकू नका. तर म्याडमनी दगड वाचून दाखवला आन् एका पोरीनं हात वर केला. संस्कृती नाव तिचं, केसाला दोन रबरं. म्हनती, मॅम, ह्यांचं नाव काय? म्याडम म्हनल्या, नाव माहीत नाही बाळा, अज्ञात वीर. तर ती पोरगी ऐकंना. म्हनती, असं कसं, कुणाला तरी माहीत असेल ना? म्याडम म्हनल्या, खूप जुनी गोष्ट आहे, लिहून ठेवलेलं नाही. पोरगी म्हनती — ऐक हां, काय म्हनली — म्हनती, लिहिलेलं नसू दे, पण त्यांच्या वाइफला तर माहीत असेलच. आन् बाबा, काय झालं मला कळलं न्हाई, समदी पोरं माज्याकडं बगाया लागली, म्हातारी म्हनून बगितलं असंल, पर मला वाटलं, मलाच इचारलं. आन् माज्या तोंडातनं निघालं — संपतराव. असं मोठ्यांदा. जल्मात पयल्यांदा.

...काय पयल्यांदा? पयल्यांदा म्हंजी पयल्यांदा. — असं बगू नगंस माज्याकडं. लिवनं थांबव आदी. त्यो फोन बी बंद कर, लाल दिवा लागलाय, मला काय कळत न्हाई व्हय. हां. आता ऐक, आन् ऐकून सोडून दे. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. तुमच्यात घेत असतील, तुमच्यात बाया नवऱ्याला अरे सलिल, टॉवेल उचल म्हनत असतील, आमच्यात अवो आन् ऐकलं का, तेवढ्यावर संसार झाला. लगनात उखाना घ्यायचा, एवढं एकदा नाव घ्यायची पाळी येती बाईला — तर मी लाजले, तोंडाला कुलूप, मागं पंगत खोळंबली, शेवटाला नणंद म्हनली, चला मीच घेते, आन् तिनंच माज्या वतीनं घेतलं. म्हंजी माज्या नवऱ्याचा उखाना बी दुसरीनं घेतला. आन् त्येच्यानंतर घ्यायची येळच आली न्हाई. ह्ये जाऊन झाली कैक वर्सं, रविराजच्या लगनाच्या आदल्या सालची गोष्ट. तापानं गेले. तापानं मेलेल्या मानसाचा दगड कुनी घडवत न्हाई बाबा.

घरात? घरात कोन घेतंय नाव. त्यो समोरचा टावर हाय ना, आमी ऱ्हातो त्यो, त्येचं नाव वाच गेटावरचं. गेनबा हाइट्स. गेनबा म्हंजी माजं भाया, ह्येंचा थोरला भाऊ, रविराजचा बाप. पितळी अक्षरं, रातच्याला आतनं दिवा लागतो. ज्या जमिनीवर हाय ती दोघा भावांची, पर दादा म्हनला हितं अंगठा दे, ह्येंनी दिला. तितं सही कर, ह्येंनी केली. अक्षर लई चांगलं व्हतं ह्येंचं, सही करताना जीभ बाहीर काढायचे पोरावानी. एक फोटू व्हता. त्यो हॉलमदी लावला व्हता, मग इंटेरियरवाला पोरगा आला, तुज्यासारकाच, दाढीवाला, म्हनला, हॉल मोकळा ठेवायचा, भिंतीवर एकच पेंटिंग. पेंटिंग काय, तर पिवळा ठिपका. आता ठिपका भिंतीवर हाय आन् ह्ये माळ्यावर हायेत, गोधड्यांमदी. थंडीत गोधड्या काढल्या की भेट व्हती. मग तूच सांग, त्या शनवारी माज्या तोंडातनं नाव निघालं, आन् म्याडम म्हनल्या, मुलांनो, आजींच्या स्मरणात हे नाव आहे, याला मौखिक परंपरा म्हणतात — आन् चाळीस पोरांनी हात वर करून गर्जना केली, वीर संपतराव की जय! चिंचंवरचे समदे कावळे उडाले. म्या त्या रविराजच्या खिडकीकडं बगितलं. वाटलं, ऐक. ऐका लेकांनो. मला त्ये ऐकायचं असतं, दुसरं काय बी न्हाई. शनवारची मी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बसते, त्ये काय ह्या दगडासाठी?

खोटं म्हन. म्हन, म्हन, मला काय वाटत न्हाई. पयल्या दिवशी नुस्तं नाव. मग फुडल्या शनवारी दुसरी पोरं इचारत्यात, कोणाशी लढले? चोरांशी. कुठले चोर? म्या म्हनलं, त्यांनी गाव सांगितलं न्हाई, घाईत व्हते. किती होते? आता पाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पर तोंडाला गोडी लागती रं. मग घोडा आला. मग घोड्याला नाव. मग तलवार, ती कुटं गेली? म्या म्हनलं, मोडली, मग नांगराच्या फाळानं लढले. त्या फाळावर पोरं लई खूश. आन् खरं सांगू — खरं सांगितल्यावर तू हसशील, हस — ह्ये कोंबड्याला भ्यायचे. आमच्याकडं एक तांबडा कोंबडा व्हता, त्यो अंगनात असला की ह्ये मागल्या दारानं रानात जायचे. गावात बुजरा संप्या म्हनायचे ह्येंना. मार्केट यार्डात हमालानं धक्का दिला तर ह्येच म्हनायचे, चुकलं. भाव करायला मला फुडं करायचे आन् आपन पाट्यांच्या आड उभं, कुनी बगितलं की उगाच वांगी मोजायचे.

आन् मग त्यो चष्म्यावाला. त्यानं घात केला माजा. शंभर ऐकून घेतले, घोडा ऐकला, फाळ ऐकला, आन् मग इचारतो, आजी, संपतराव घाबरले नाहीत का? आता तितं म्हनायचं व्हतं, वीर कुटं घाबरतो व्हय. पर नाव घेऊन घेऊन असं झालं व्हतं की नावामागं मानूस बी यायला लागला व्हता. म्या म्हनलं, लई घाबरले व्हते. थरथर कापत व्हते. पोरं सरकून जवळ आली. बाटल्यांचा आवाज बंद. त्यो म्हनतो, मग पळाले का नाहीत? म्या म्हनलं, न्हाई पळाले. गाईच्या गळ्याला मिठी मारून बसले, उठा म्हनलं तर उठले न्हाईत. पोरांना वाटलं, आजी लढाईचं सांगती. मी सांगत व्हते गोठ्याचं.

गोठ्याचं काय, सांगते, आता ऱ्हायलंय काय. मला मूल झालं न्हाई. बास, एवढंच हाय त्ये, त्येचं रडगानं न्हाई. पर सासूनं आन् दादानं मिळून ठरवलं, संप्याचं दुसरं लगीन लावायचं. मुळशीकडची पोरगी बगितली. ह्येंना कुनी इचारलं न्हाई, ह्येंना कुनी कदी इचारायचंच न्हाई. सुपारी फोडायचा दिस आला, पावनं यिऊन ओसरीवर बसले, च्या झाला, आन् नवरदेव कुटं? गोठ्यात. कपिली गाय व्हती आमची, तिच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून शेनात बसलेले. दादा आसूड घिऊन गेला. ऊठ म्हनला. ह्ये उठंनात. आन् कापत व्हते बाबा, एवढं कापत व्हते, एवढं कापत व्हते की गाईच्या गळ्यातली घंटा वाजाया लागली. पार ओसरीवर ऐकू गेली. आन् त्या कापन्यातनं एकच बोलले — मला एक हाय, तेवढी पुरं. दादानं दोन फटके वडले. घंटा थांबली न्हाई आन् ह्ये उठले न्हाईत. पावनं आपल्या टोप्या घालून निघून गेले. रातच्याला मी भाकरी न्हेली गोठ्यात. मला वाटलं, आता काय तरी बोलतील, आज बोलतील. तर म्हनले, कालवनात मीठ न्हाई. रडून रडून मी मिठाचं इसरले व्हते.

हॅ. डोळं पुस, पुस. बाप्या असून काय, शेंगा वल्ल्या करशील.

न्हाई, ह्ये लिवायचं न्हाई. खबरदार लिवलंस तर. — काय म्हनलास? संपतराव नाव घालू? तसंच घालू बोर्डावर? स्थानिक परंपरेनुसार, असं लिवून? ...असं लिवलं की चालतं? कायद्यात बसतं? आसं कसं रं बाबा तुमचं, बखरीत न्हाई म्हनून मगाशी माजा जीव खाल्लास, आन् आता दोन अक्षरं म्होरं लावली की झालं खरं. कुटं येनार बोर्ड? हितं? तोंड कुनीकडं — गेटाकडं? म्हंजी समोर गेनबा हाइट्स आन् अलीकडं संपतराव. समोरासमोर. दादाच्या नावात दिवा लागतो, त्येचा उजेड ह्येंच्या नावावर पडंल. स्टीलचा म्हंजी गंजत न्हाई ना? केवढं अक्षर? एवढं? — जरा मोठं न्हाई व्हनार?

...थांब. थांब जरा, मला इचार करू दे.

न्हाई. नगं. न्हाई म्हनते ना. आरं, पोरांची आरोळी वाऱ्यावर जाती, कोन संपतराव कुनी इचारत न्हाई; पर कोरलेलं पोरं वाचतील तसं गाव बी वाचंल. रविराज वाचंल, सून वाचंल, मंडळाची पोरं वाचतील, ती म्हातारी हायेत ना अजून दोन-चार, देवळात पत्ते कुटनारी, ती वाचतील. म्हनतील, कोन, संप्या? बुजरा संप्या वीर? कोंबड्याला भेनारा? आन् हसतील. टाळ्या दिऊन हसतील. जित्तेपनी लई हसले रं ह्येंना, आन् ह्ये बी त्यांच्यात हसायचे, वाईट वाटलं त्ये दिसू ने म्हनून. आता स्टीलवर कोरून पुन्यांदा हसवू? गंजनार सुदीक न्हाई म्हनतोस. पोरं हसली न्हाईत. घाबरले व्हते म्हनून सांगितलं तरी हसली न्हाईत. त्यो चष्म्यावाला जाताना दगडाजवळ गेला आन् गाईच्या जागंवर हात फिरवून आला, मी बगितलं. ती पोरं परकी हायेत म्हनून बरं हाय. परक्यातच ह्येंची इज्जत ऱ्हाती.

तू असं कर. वीर लिव. गाई राखताना पडला लिव, त्ये तर दगडच सांगतो, त्यात खोटं न्हाई, कुनाचा तरी कोन तरी पडलाच असंल. अप्सरा लिव, पिंड लिव, समदं लिव. नावाचं लिवू नगंस. — अज्ञात बी नगं! अज्ञात लिवलंस की पोरं वाचनार, हां अज्ञात, आन् चालली बसकडं. संपलं. नावाची वळच घालू नगंस. मग एखादं हुशार पोरगं बगंल, समदं हाय आन् नाव न्हाई, आन् इचारंल. म्याडमना सांग, मधी उत्तर दिऊ नगा. इचारू दे. मी हाय ना हितं. एवढं माज्यासाठी कर बाबा, दुसरं काय मागत न्हाई मी तुला, शेंगा पन तूच खाल्ल्यास.

आन् काय? अजून काय ऱ्हायलं? — माज्या मागं?

माज्या मागं कोन सांगनार म्हनतोस. मोठा इचारी हायेस. आरं, माज्या मागं कशाला सांगायचं? मी गेल्यावर ह्येंना हितं एकटं ठिवू व्हय, ह्या स्टीलच्या पत्र्यावर, रस्त्याच्या कडंला, वळख ना पाळख, येनारा-जानारा बोट लावनार? भित्यात ह्ये.

ऊठ आता. पोरांची बस आली, सावली मोकळी कर.